बुलेटचा काटा मधेच का आणायचा? पॉइंटवाल्या बुलेटचं इग्निशन टायमिंग, समजून घेऊन लावायचं कसं

जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट ३५० ज्यांनी चालवली आहे, त्यांना किक मारण्याआधीचा विधी पाठ असतो. चावी फिरवायची, किक हळूहळू दाबत हेडलाइटवरच्या अँपिअर मीटरचा काटा बघायचा. तो डावीकडे पडतो, मग एका जागी टचकन मधे येतो. तिथे थांबायचं, डिकॉम्प्रेशन लिव्हर ओढून किक किंचित पुढे न्यायची, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण वजन टाकून मारायची. काटा मधे आल्यावर नेमकं काय झालेलं असतं, हे मात्र बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. मलाही नव्हतं.

काटा मधे येतो त्या क्षणी सी.बी. पॉइंट उघडलेले असतात. म्हणजे किक मारताना ठिणगी जिथे पडते, तीच ही जागा. तुम्ही रोज सकाळी नकळत गाडीचं इग्निशन टायमिंगच तपासत असता. या लेखात तोच काटा वापरून टायमिंग लावायचं आहे. पण त्याआधी थोडी थिअरी, कारण ती माहीत नसली की माणूस प्लेट अंदाजे फिरवत बसतो आणि एक दिवस किक उलटी बसते.

ठिणगी पिस्टन वर पोहोचायच्या आधीच का?

पेट्रोल-हवेचं मिश्रण फटाक्यासारखं एका क्षणात फुटत नाही. प्लगजवळ ज्वाला तयार होते आणि सिलिंडरभर पसरत जाते. याला अगदी थोडा, मिलिसेकंदांत मोजावा असा, पण वेळ लागतो. सगळ्यात जास्त दाब पिस्टन वरच्या टोकावरून खाली यायला लागल्यावर लगेच मिळाला, तर तो कामाचा. म्हणून ठिणगी थोडी आधी टाकावी लागते. यालाच अॅडव्हान्स म्हणतात.

आता हिशोब बघा. क्रँक मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एका मिलिसेकंदात ती १८ अंश फिरते. आयडलिंगला, समजा ८०० फेऱ्यांवर, तेवढ्याच वेळात पाच अंशही नाही. आणि किक मारताना इंजिन जेमतेम २००-३०० फेऱ्यांच्या वेगाने फिरतं, म्हणजे मिलिसेकंदाला एक-दोन अंश. जळायला लागणारा वेळ मात्र त्या प्रमाणात बदलत नाही. वेग वाढला की सिलिंडरमधली घुसळण वाढते, ज्वालाही थोडी जोरात पळते, तरीही पुरेशी नाही. म्हणून किक मारताना थोडा अॅडव्हान्स हवा आणि वेगात बराच जास्त.

हे काम बुलेटमध्ये एक छोटी यांत्रिक जोडणी करते. पॉइंटच्या प्लेटमागे दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा आहेत. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणारा कॅम थोडा पुढे सरकवतात. वेग कमी झाला की स्प्रिंग त्याला मागे ओढते. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आजच्या गाडीत हेच काम ईसीयू मेमरीतला तक्ता वाचून करतो. इथे तो तक्ता स्प्रिंगच्या ताकदीत लिहिलेला आहे. आणि स्प्रिंग सैल पडली किंवा ग्रीस वाळून वजनं अडकली, तर गाडी कुठलीही वॉर्निंग देत नाही.

उलटी किक म्हणजे काय

ठिणगी खूप आधी पडली आणि इंजिन किकच्या वेगाने हळू फिरत असेल, तर पिस्टन अजून वर चढत असतानाच दाब तयार होतो. फ्लायव्हीलमधला जोर आणि तुमच्या पायाचं वजन त्याला पुरेसं पडलं नाही तर पिस्टन उलट फिरतो, क्रँक उलटी फिरते आणि किकचा दांडा तुमच्या पायासकट वर उसळतो. ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचं हे ३४६ सीसीचं एकच सिलिंडर आहे. त्यातला एक स्फोट थेट घोट्यावर येतो.

वडिलांच्या बुलेटवर मला हे एकदा अनुभवायला मिळालं. आदल्या दिवशी गॅरेजमधून गाडी आणली होती, पॉइंट साफ करून गॅप “थोडा मोकळा” करून दिला होता. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या किकला पाय असा फेकला गेला की आठवडाभर लंगडत होतो. गॅप बदलल्यावर टायमिंग पुन्हा बघायचं असतं, हे ना त्या मेस्त्रींनी पाहिलं ना मी विचारलं. त्या लंगडण्यातूनच मी हे सगळं वाचायला आणि करून बघायला लागलो.

गॅप आणि टायमिंग या दोन गोष्टी नाहीत

संपूर्ण लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: आधी पॉइंटचा गॅप, मग टायमिंग. उलटं कधीच नाही. आणि गॅपला हात लावला की टायमिंग पुन्हा तपासायचंच.

कारण सोपं आहे. पॉइंटची एक बाजू स्थिर आणि दुसरी हलती. हलत्या बाजूला फायबरची टाच असते, ती कॅमवर घासत राहते. कॅमचा उंचवटा टाचेखाली आला की पॉइंट उघडतात. तुम्ही गॅप वाढवला म्हणजे टाच कॅमच्या जास्त जवळ नेली. आता उंचवटा चढायला सुरुवात झाल्याझाल्याच पॉइंट उघडतील, म्हणजे ठिणगी लवकर. गॅप कमी केला तर ठिणगी उशिरा. टायमिंगची प्लेट तुम्ही हलवलीही नाही, तरी टायमिंग हललं.

उलट दिशेनेही हेच होतं. महिनोन् महिने घासून टाच झिजते, गॅप आपोआप कमी होतो आणि टायमिंग हळूहळू मागे पडत जातं. हे इतकं सावकाश होतं की चालवणाऱ्याला कळत नाही. “गाडी आता म्हातारी झाली” असं म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी बुलेट फक्त रिटार्ड झालेल्या असतात.

बुलेटसाठी आकडे असे: पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, गॅरेजच्या भाषेत चौदा ते सोळा थाऊ. टायमिंग, अॅडव्हान्सची वजनं पूर्ण आत असताना, पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिलिमीटर खाली. हा आकडा जुन्या इंची मापात एक बत्तिसांश इंच म्हणून सांगितला जातो. क्रँकच्या अंशांत तो साधारण नऊ-दहा अंश येतो.

काटा खरं काय दाखवतो

पॉइंट बंद असताना बॅटरीतून कॉइलच्या प्रायमरी वेटोळ्यातून, पॉइंटमधून, बॉडीत करंट वाहत असतो, काही अँपिअर. तो मीटरमधून जातो म्हणून काटा डिस्चार्जकडे पडतो. पॉइंट उघडले की रस्ता तुटतो, काटा मधे. रस्ता अचानक तुटल्यामुळे कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि सेकंडरी वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. हा करंट पटकन तुटावा आणि पॉइंटमध्येच ठिणगी जळत राहू नये, यासाठी पॉइंटला समांतर कंडेन्सर लावलेला असतो.

बुलेटच्या पॉइंटचा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि त्याला उंचवटा एकच आहे. म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत पॉइंट एकदाच उघडतात, तेही कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या शेवटी. म्हणूनच किकच्या विधीत काट्यावर विश्वास ठेवता येतो. काटा मधे आला म्हणजे पिस्टन वर आहे आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत, एक्झॉस्ट स्ट्रोकचा गोंधळ नाही.

आता हात काळे करू

लागणारं सामान: फीलर गेज, प्लगचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, लहान पाने, बारीक पॉलिश पेपर, थोडं पेट्रोल आणि फडकं. जमलं तर १२ व्होल्टचा छोटा बल्ब दोन वायर लावून. काटा जुना आणि आळशी झाला असेल तर हा बल्ब उपयोगी पडतो. गाडी सहा व्होल्टची असेल तर बल्बही सहाचा. इंजिन पूर्ण थंड हवं.

गाडी मेन स्टँडवर घ्या, प्लग काढा, वरचा गिअर टाका. आता मागचं चाक हाताने पुढे फिरवलं की इंजिन फिरतं. किकने फिरवण्यापेक्षा यात कितीतरी जास्त नेमकेपणा मिळतो. चाक नेहमी पुढेच फिरवायचं. जास्त पुढे गेलं तर बरंच मागे आणून पुन्हा पुढे यायचं, कारण चेन आणि गिअर या सगळ्यांत थोडी थोडी ढिलाई असते आणि उलट फिरवताना माप चुकतं.

इंजिनच्या उजव्या बाजूला, टायमिंग कव्हरवर पॉइंटचं गोल झाकण असतं, दोन स्क्रूंवर. ते काढा. सगळ्यात आधी कॅमचा शाफ्ट बोटांत धरून आडवा हलवून बघा. खडखड हलत असेल तर बुश गेलेला आहे, आणि तोवर कितीही नीट गॅप लावला तरी प्रत्येक फेऱ्याला वेगळा गॅप मिळणार. मग कॅम बोटांनी फिरवून बघा: तो एका दिशेने थोडा फिरला पाहिजे आणि सोडल्यावर स्प्रिंगने टचकन जागेवर परत आला पाहिजे. हाच अॅडव्हान्स. परत येत नसेल, किंवा आळस देत येत असेल, तर पुढचं काम थांबवा. अॅडव्हान्स पुढे अडकलेल्या गाडीची किक हीच सगळ्यात धोकादायक. प्लेट काढून वजनं पेट्रोलने धुवा, पिनांना एक थेंब हलकं तेल द्या, स्प्रिंगा ताणलेल्या वाटल्या तर बदला.

पॉइंटची तोंडं बघा. राखाडी, सपाट असतील तर ठीक. एका बाजूला खड्डा आणि समोर टेकडी झाली असेल तर पॉलिश पेपरने घासून सपाट करा, पण सोबत कंडेन्सरवर संशय घ्या. खड्डा पुन्हा लवकर पडला किंवा गाडी चालू असताना पॉइंटमध्ये मोठ्या पांढऱ्या ठिणग्या दिसत राहिल्या तर कंडेन्सर बदला. स्वस्त वस्तू आहे, माझ्या मते एक डिकीत ठेवावाच. घासल्यानंतर तोंडं पेट्रोलने पुसून कोरडी करायला विसरू नका. तेलाचा किंवा धुळीचा पातळ थरही करंट अडवतो.

आता गॅप. चाक फिरवत पॉइंट सगळ्यात जास्त उघडतील तिथे आणा. स्थिर पॉइंटचा स्क्रू किंचित सैल करा, ०.३५ किंवा ०.४० ची पट्टी आत सरकवा, पॉइंट सरकवून पट्टी हलकी घासत निघेल इतका गॅप ठेवा, स्क्रू आवळा. आवळताना पॉइंट हमखास हलतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. मी साधारण तीनदा करतो.

वरचं टोक शोधणं, इथेच सगळे चुकतात

प्लगच्या भोकात सायकलची तार घालून “वर आला” म्हणायचं, ही गॅरेजची पद्धत. यात दोन अडचणी. एक, प्लगचं भोक तिरकं आहे, त्यामुळे तिरक्या तारेवर मोजलेला मिलिमीटर हा पिस्टनचा मिलिमीटर नसतो. दुसरी जास्त वाईट. वरच्या टोकाजवळ पिस्टन जवळपास थांबलेला असतो. क्रँक टोकाच्या अलीकडे तीन अंश असो की पलीकडे तीन अंश, पिस्टनच्या उंचीत ०.१ मिलिमीटरचाही फरक पडत नाही. म्हणजे नुसत्या हाताच्या अंदाजाने “वर” ठरवलं, तर आपल्याला हव्या असलेल्या नऊ-दहा अंशांतले तीन अंश तिथेच गेले.

यावरचा उपाय जुना आणि पक्का आहे. टोक शोधूच नका, टोकाच्या दोन्ही बाजू शोधा. पिस्टन वर येताना तारेवर एका ठरावीक खोलीला खूण करा आणि त्याच क्षणी मागच्या चाकाच्या टायरवर, मडगार्डच्या एखाद्या स्क्रूसमोर खडूने रेघ मारा. चाक पुढे फिरवत राहा, पिस्टन टोक ओलांडून पुन्हा त्याच खोलीला आला की टायरवर दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मधे वरचं टोक. तार तिरकी असली तरी चालतं, कारण इथे आपण लांबी मोजत नाही, फक्त दोन सारख्या जागा शोधतोय. खूण टोकापासून चांगली सात-आठ मिलिमीटर खाली असू द्या. तिथे पिस्टन भराभर हलत असतो, म्हणून चूक कमी होते. दुसऱ्या बाजूला चेनची ढिलाई मधे येऊ शकते. पिस्टन वरच्या दाबाशिवाय, प्लग काढलेला असताना, चाक सावकाश फिरवलं तर ती फारशी त्रास देत नाही.

याहून चांगलं हवं असेल तर डाव्या बाजूचं प्रायमरी कव्हर उघडून अल्टरनेटरच्या रोटरवर अंशांची चकती लावायची आणि टोक व त्याआधीचे अंश अशा कायमच्या खुणा करून ठेवायच्या. तेल काढावं लागतं, हात भरतात. पण एकदा केलं की पुन्हा कधी तार लागत नाही. गाडी ठेवणारच असाल तर एक रविवार द्यावा.

डायल गेज मिळत असेल तर ०.८ मिलिमीटर थेट मोजता येईल, मात्र तो पिस्टनच्या सरळ रेषेत बसवता आला तरच. ०.२ मिलिमीटरची चूक म्हणजे साधारण एक-सव्वा अंश; ती गाडी सहन करते. पण ०.८ ऐवजी चुकून दुप्पट, १.६ घेतलं, तर अॅडव्हान्स दुप्पट होत नाही, साधारण साडेतेरा अंश होतो. पायाला कळायला तेवढाही पुरतो.

प्लेट फिरवणं

चाक थोडं मागे घेऊन पुन्हा पुढे येत वरच्या टोकाआधीच्या जागेवर थांबा. चावी चालू करा, बाकीचे सगळे दिवे बंद. काटा डिस्चार्जकडे असेल तर पॉइंट अजून बंद आहेत. मधे असेल तर आधीच उघडलेत. बल्ब वापरत असाल तर त्याची एक वायर पॉइंटच्या टर्मिनलला आणि दुसरी इंजिनच्या बॉडीला. पॉइंट बंद तर बल्ब बंद, पॉइंट उघडले की बल्ब लागतो.

पॉइंटची प्लेट दोन षटकोनी खांबांसारख्या बोल्टांनी धरलेली असते; झाकणाचे स्क्रू याच बोल्टांत बसतात. ते थोडे सैल करा, प्लेट हाताने फिरेल इतपतच. कुठल्या दिशेला फिरवायची हे पाठ करू नका. चाक पुढे फिरवून कॅम कुठे फिरतो ते डोळ्यांनी बघा. प्लेट कॅमच्या उलट दिशेने फिरवली तर उंचवटा टाचेला आधी भेटतो, म्हणजे अॅडव्हान्स. कॅमच्याच दिशेने फिरवली तर रिटार्ड. हे कुठल्याही पॉइंटवाल्या गाडीला लागू आहे, त्यामुळे राजदूत असो की येझदी, गोंधळ होत नाही.

काटा नेमका डिस्चार्जकडून मधे टचकन येतो त्या जागी प्लेट थांबवा, बोल्ट आवळा. मग चाक दोन पूर्ण फेऱ्यांचं इंजिन फिरवून पुन्हा त्याच जागेवर या आणि काटा तिथेच पडतो का ते बघा. नाही पडला तर पुन्हा. प्लेट खाचेच्या टोकाला लागूनही टायमिंग जुळत नसेल, तर कॅमचा शाफ्ट त्याच्या टेपरवर चुकीच्या जागी बसलेला आहे. मधला बोल्ट सोडवून तो नव्याने बसवावा लागतो. हे पहिल्यांदा एकट्याने करू नका, जाणत्या माणसासोबत करा.

एक ताकीद. पॉइंट बंद असताना चावी चालू ठेवून चहा प्यायला जाऊ नका. कॉइलमधून सतत करंट जातो, ती तापते आणि कायमची बिघडूही शकते. तपासताना चावी चालू, विचार करताना चावी बंद.

रस्त्यावर काय ऐकायचं

पहिली किक मारताना चप्पल नाही, बूट. गुडघा ताठ ठेवू नका.

अॅडव्हान्स जास्त असेल तर घाटात वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दिल्यावर डोक्यातून टकटक, बांगड्या वाजल्यासारखा आवाज येतो. तो ऐकूनही चालवत राहिलात तर पिस्टनच्या डोक्यावर तापमानाचा मार बसतो. रिटार्ड असेल तर आवाज नाही, पण गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त खाते, सायलेन्सरचा पाइप डोक्याजवळ निळा पडायला लागतो आणि इंजिन भयंकर तापतं. मिश्रण उशिरा पेटल्यामुळे जळणं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत चालू राहतं, आणि ती उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी पाइपातून जाते.

आयडलिंगला बरी पण वेगात मेलेली गाडी असेल तर टायमिंगची प्लेट हलवू नका, अॅडव्हान्सची वजनं बघा. प्लेट पुढे ओढून वेगातलं टायमिंग जुळवलं की किकवरचं टायमिंग धोकादायक होतं. गॅरेजमध्ये “पिकअप वाढवून” दिलेल्या बऱ्याच गाड्यांचं हेच झालेलं असतं.

पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवावं का, हे मला नेहमी विचारलं जातं. कंपनीनेही इलेक्ट्रामध्ये पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनच दिलं होतं. रोज चालवायची असेल तर बसवा, टाच झिजण्याची कटकट संपते. फक्त किट जुनीच वजनं वापरणारं असेल तर ती धुणं, तेल देणं तुम्हाला सुटत नाही. आणि पॉइंट काढले तरी ते पेटीत जपून ठेवा. भर रस्त्यात किट गेलं तर ते दुरुस्त होत नाही, पॉइंट मात्र नखं घासायच्या कानशीनेही चालू करता येतात.

नवे पॉइंट टाकले असतील तर पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये टाच कॅमवर बसताना भराभर झिजते. तेव्हा पाचशे किलोमीटरनंतर एकदा गॅप, आणि त्यामागोमाग टायमिंग, पुन्हा बघा. कॅमवर बोटाच्या टोकाने ग्रीसचा अगदी पातळ थर द्या. जास्त झालं तर ते उडून पॉइंटवर जातं, आणि मग काटा मधेच अडकून बसतो, चावी चालू असली तरी.